हजार रुपयांत रक्त थांबवायची पिशवी: काय घ्यावं, काय घेऊ नये?

कण्हेरकाठ
नमस्कार मंडळी. सातारा तालुक्यात कण्हेरच्या खालच्या अंगाला माझी शेती आहे. रोज सकाळी दूध घालायला आणि संध्याकाळी पोरीला क्लासवरून आणायला दुचाकीनं शहरात येणं-जाणं असतं.

जानेवारीतली गोष्ट. कारखान्याकडं चाललेला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर रस्त्याच्या कडंला उभा होता, मागं ना लाल कापड, ना रिफ्लेक्टर. दिवस बुडाला होता. माझ्यापुढं शंभर फुटांवर असलेला विशी-बाविशीचा पोरगा थेट ट्रॉलीच्या कोपऱ्यावर आदळला. डोकं हेल्मेटनं वाचलं, पण पत्र्याच्या धारेनं पोटरी वीतभर फाटली. पहिला माणूस मीच पोचलो. आणि खरं सांगतो, काय करायचं ते सुचलंच नाही. खिशातला रुमाल काढून जखमेवर धरला, तो दोन श्वासांत लाल झाला. एक कारवाला थांबला, त्यानं गाडीतली प्रथमोपचाराची पेटी आणून दिली. आत बोटाला लावायच्या दहा पट्ट्या, लिंबाएवढा कापूस आणि मलमाची ट्यूब. त्या पट्ट्या अंगठ्याएवढ्या आणि जखम वीतभर!

शेजारच्या फडातून ऊसतोड टोळीतली एक मावशी पळत आली. डोक्याला गुंडाळलेलं जुनेर तिनं सोडलं, चौघडी घडी केली, जखमेवर ठेवली आणि दोन्ही तळहात टेकवून अंगाचा सगळा भार टाकला. मी म्हणालो, "जरा उचलून बघू का, थांबलंय का?" तर माझ्यावर ओरडली, "उचलायचं न्हाई!" १०८ येईपर्यंत तिनं हात काढला नाही. पोरगा वाचला. पायाला टाके पडले, आता चालतोय.

त्या दिवसापासून डोक्यात एकच आहे, की माझ्या गाडीत असं काहीतरी असलं पाहिजे ज्यानं खरंच रक्त थांबेल. शोधायला गेलो तर ऑनलाइन तीन-चार हजारांच्या लष्करी पिशव्या दिसतात. माझं बजेट हजार रुपये. त्यात काय बसतं, आणि काय घेण्यात अर्थ नाही, हे जाणकारांनी सांगावं.

मिरजेची सिस्टर
दादा, त्या मावशीला माझा नमस्कार सांगा. मी अठ्ठावीस वर्षं कॅज्युअल्टीत काढली, आता निवृत्त आहे. ती जे करून गेली ते शिकवायला आम्हाला नव्या मुलींच्या मागे महिनाभर लागावं लागायचं. थेट दाब, पूर्ण वजनानं, आणि मधे उचलून बघायचं नाही. तयार होत असलेली रक्ताची गुठळी बघण्याच्या नादात निघून जाते.

आधी एक समजून घ्या, म्हणजे खरेदी आपोआप सोपी होईल. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं दोन लिटर गेलं की जीव टांगणीला लागतो. मांडीची मोठी धमनी तुटली तर त्याला तीन-चार मिनिटंही पुरतात. रुग्णवाहिका कितीही वेगानं आली तरी तेवढ्यात पोचत नाही. म्हणून तुमची पिशवी त्या पहिल्या दहा मिनिटांची आहे. बोटाची पट्टी, मलम, खोकल्याची गोळी, थर्मामीटर यांना त्यात जागा नाही. ती घरच्या डब्यात ठेवा.

आता वस्तू. सगळ्यात आधी हातमोजे, नायट्राइलचे, चार जोड. बाकी काही नसलं तरी हे हवेत, कारण दुसऱ्याच्या रक्ताची भीती वाटून माणूस हात लावायलाच कचरतो. मग जखमेवर दाबायला जाड काहीतरी: गॅमजीचे (दोन गॉजच्या मधे कापूस घातलेले) मोठे पॅड दोन आणि निर्जंतुक गॉजची, म्हणजे जाळीदार सुती कापडाची, पाच-सहा पाकिटं. जखमेत भरायला १० सेंटीमीटर रुंदीचे गॉजचे रोल चार, पाकीटबंद निर्जंतुक. आणि वरून दाब कायम ठेवायला १५ सेंटीमीटर रुंदीचे क्रेप बँडेज दोन. लष्करी पिशवीत जे महागडं 'प्रेशर बँडेज' असतं, ते म्हणजे ढोबळमानानं जाड पॅड आणि ताणणारी रुंद पट्टी एकत्र शिवलेली. आपण ते दोन वेगळे घेतोय, एवढंच.

त्रिकोणी पट्ट्या दोन. हात गळ्यात अडकवायला, फळी बांधायला, वेळ पडली तर आणखी एका कामाला, त्याबद्दल नंतर लिहिते. बोथट टोकाची मजबूत कात्री, जीन्स कापणारी. कपडा कापल्याशिवाय जखम कुठे आहे तेच दिसत नाही. रुंद चिकटपट्टी, मार्कर पेन आणि ते चांदीसारखं चकचकीत घडीचं ब्लँकेट.

ब्लँकेट कशाला, असं सगळे विचारतात. रक्त गेलेलं शरीर लवकर गार पडतं, आणि गार पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही, म्हणजे पुन्हा रक्तस्राव. एप्रिलच्या उन्हातसुद्धा जखमी माणूस कुडकुडतो. पावसाळ्यात यवतेश्वरच्या किंवा पसरणीच्या घाटात भिजून पडलेल्या माणसाचं काय होत असेल विचार करा.

दंडोबा_भटक्या
सिस्टरांनी टूर्निकेटचा, म्हणजे हाता-पायाला बांधून दांडीनं पिळत रक्त थांबवायच्या पट्ट्याचा, विषय मुद्दाम मागे ठेवलाय असं दिसतंय, म्हणून माझा अनुभव लिहितो.

आमचा सहा जणांचा ट्रेकिंगचा गट आहे. दोन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन दुकानातून चारशे रुपयांना एक असे दोन टूर्निकेट मागवले. फोटोत हुबेहूब अस्सल. वासोट्याला जायच्या आदल्या रात्री मित्राच्या मांडीवर बांधून सराव करत होतो. दांडी तिसऱ्यांदा फिरवली आणि कट्कन मोडली. दुसऱ्याची दांडी टिकली, पण पट्ट्याची शिवण उसवली. सरावात झालं म्हणून बरं. वासोटा म्हणजे बामणोलीवरून बोटीनं शिवसागर ओलांडायचा आणि पुढे अभयारण्यातून चढायचं. फोनला रेंज नाही, उतरून परत बोट गाठेपर्यंत तास न् तास जातात. तिथे तो पट्टा मोडला असता तर?

नंतर आम्ही सहा जणांनी वर्गणी काढून एक अस्सल घेतला. तीन हजारांच्या वर गेला. ज्याच्या हातात गटाची सूत्रं असतात, त्याच्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात तो असतो. एकट्या माणसाच्या हजाराच्या बजेटमध्ये तो बसत नाही, आणि बसवायच्या नादात स्वस्तातला नक्कल माल घेऊ नका. खोटा टूर्निकेट नसल्यापेक्षा वाईट, कारण आपण त्याच्या भरवशावर दाब सोडतो.

नवी_दुचाकी
मी कॉलेजात आहे, आत्ताच गाडी घेतलीय. टूर्निकेट परवडत नसेल तर कमरेचा बेल्ट किंवा नायलॉनची दोरी चालेल ना? व्हिडिओत बघितलंय.

मिरजेची सिस्टर
बाळा, दोरी नको आणि तारही नको. बारीक वस्तू कातडी आणि नसा कापते, पण खोलवरची धमनी दाबतच नाही. पट्टा निदान चार सेंटीमीटर रुंद लागतो. बेल्ट रुंद असतो, पण ताठ असतो. हातानं कितीही ओढलास तरी पुरेसा आवळत नाही. अर्धवट आवळलेला पट्टा आणखी घातक, कारण रक्त आत जात राहतं, बाहेर यायची शीर मात्र बंद होते, आणि जखम जास्तच वाहू लागते.

त्रिकोणी पट्टीचं दुसरं काम ते हेच. घड्या घालत चार-पाच सेंटीमीटर रुंदीची पट्टी करायची. जखमेच्या वर, म्हणजे धडाच्या बाजूला, तीन-चार बोटं सोडून दोन वेढे द्यायचे. गुडघा किंवा कोपरावर कधीच नाही, सांधा आला तर त्याच्या वर जायचं. अर्धी गाठ, त्यावर वीतभर मजबूत लाकडी दांडी, तिच्यावर पूर्ण गाठ, आणि दांडी पिळायची. कुठपर्यंत? रक्त थांबेपर्यंत. माणूस कळवळतो, ओरडतो. तो ओरडला म्हणून सैल करायचं नाही. मग दांडी उलगडू नये म्हणून बांधून ठेवायची आणि मार्करनं वेळ लिहायची, कपाळावर लिहिली तरी चालेल. एकदा बांधलं की रस्त्यात सोडून बघायचं नाही. ते डॉक्टर सोडतील. दोन तासांच्या आत दवाखाना गाठला तर सहसा पाय जात नाही. ते जुनं भय आता मनातून काढून टाका.

पण क्रम लक्षात ठेव. आधी हातानं दाब. बहुतेक जखमा दाबानंच थांबतात. दाब देऊनही रक्त उसळत असेल, हात-पाय तुटलाच असेल, किंवा एकाच वेळी तीन जखमी असून तू एकटा असशील, तेव्हाच पट्टा. आणि तो फक्त हाता-पायाला. जांघेत, काखेत, मानेच्या बुडाशी पट्टा बांधताच येत नाही. तिथे जखमेत गॉज भरायचं. रोलचं टोक बोटानं थेट रक्त येतंय त्या तळापर्यंत न्यायचं, भरत भरत वर यायचं, जखम गच्च भरली की वर पॅड ठेवून दोन्ही हातांनी निदान दहा मिनिटं दाबायचं, घड्याळ लावून. मानेवर मात्र त्या एका जागीच दाबायचं, भोवती पट्टी आवळायची नाही. छाती आणि पोटाच्या जखमेत काही भरायचं नाही, कधीच नाही.

द्राक्षबाग
तासगावकडचा आहे. आमच्याकडं छाटणीच्या कात्रीचे घाव रोजचेच, त्यामुळं धागा अगदी कामाचा वाटला. पण एक विचारायचं आहे. बागेत घोणस निघते. मागच्या साली गड्याला चावली, तेव्हा लोकांनी पायाला सुतळी आवळली होती. मग सिस्टर, तुम्ही सांगितलेला हा रुंद पट्टा सापाला वापरायचा का?

मिरजेची सिस्टर
नाही! हे वाचणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं म्हणून वेगळं लिहिते. साप चावल्यावर पट्टा, सुतळी, दोरी काहीही आवळायचं नाही. घोणशीच्या विषानं चाव्याच्या जागचं मांस सडतं. पाय आवळला की ते विष तिथेच साठून नुकसान वाढतं, आणि पट्टा सोडला की ते एकदम अंगभर जातं. आवळलेल्या पायांचे काय हाल होतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. सुतळीचा वण हाडापर्यंत गेलेला.

जखम कापायची नाही, चोखायची नाही, बर्फ लावायचा नाही. अंगठी, जोडवी, पैंजण, घड्याळ आधी काढायचं, कारण सूज येते. पाय फळीला सैलसर बांधून स्थिर करायचा, माणसाला चालू द्यायचं नाही, आणि प्रतिविष मिळेल त्या दवाखान्यात लगेच न्यायचं. साप मारून सोबत न्यायची गरज नसते. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारींवर मिळून एकच असतं. तुमच्या गड्याचं पुढं काय झालं?

द्राक्षबाग
वाचला, पण पायाचं मांस बरंच काढावं लागलं. दोन महिने घरी होता. सुतळी मीच शोधून दिली होती सिस्टर. चांगल्या हेतूनंच दिली होती. आता बागेतल्या शेडमध्ये हे तुमचं लिहिणं मोठ्या अक्षरात लावतो.

औषधवाला_सांगली
सांगलीत माझं औषधांचं दुकान आहे. खरेदीबद्दल थोडं सांगतो. 

तयार पेटी घेऊ नका. पाचशे-सहाशेच्या चकचकीत पेटीत पेटीचेच पैसे जास्त असतात. सुटं घ्या. आणि क्रेप घेताना दुकानात ताणून बघा. काही स्वस्त क्रेप एकदा ताणले की तसेच लोंबतात, परत आकसत नाहीत. त्यांनी दाब राहणार कसा? सुटा कापूस घेऊच नका. जखमेत तंतू चिकटतात, टाके घालताना डॉक्टर वेचत बसतात.

रक्त गोठवणारं खास गॉज मिळतं का, असं दोघा-तिघांनी दुकानात येऊन विचारलं. मिळतं. कायटोसानचं असतं, कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढतात. आपल्या देशात बनणारं ॲक्झिओस्टॅट त्याच प्रकारचं. चांगली वस्तू आहे, पण हजाराच्या पिशवीत पहिल्यांदा ती नको. साधं गॉज नीट भरून दहा मिनिटं दाबलं तर तेही काम करतं. पैसे उरले की पुढच्या वर्षी एक घ्या.

आणखी एक. पिशवी दुचाकीच्या डिकीत ठेवणार असाल तर उन्हानं चिकटपट्टीचा डिंक वितळतो, हातमोजे एकमेकांना चिकटून फाटतात. वर्षातून दोनदा उघडून बघा.

माणदेशी_मास्तर
आम्ही शाळेत यासाठी खंडेनवमी धरलीय. त्या दिवशी घरोघर कोयते, विळे, अवजारं धुऊन पुसून पुजतात. तेव्हाच ही पिशवीही उघडायची, मुदत संपलेलं बदलायचं आणि अवजारांच्या शेजारीच ठेवायची. दुसरी तपासणी गुढीपाडव्याला. तारखा वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

वेण्णामाई
प्रश्न जरा वेगळा आहे. आमच्या सासूबाई कुठंही कापलं की हळद भरतात, शेतात असलं तर दगडी पाला चुरगळून लावतात. सासरे तंबाखू दाबतात. रक्त थांबतंही. मी "लावू नका" म्हटलं की घरात वाद होतो. काय सांगू त्यांना?

मिरजेची सिस्टर
वाद घालू नका. खुरप्यानं बोट कापलं आणि दगडी पाला लावला, तर रक्त थांबतं हे खरंच आहे. पण त्यातला मोठा वाटा त्या पाल्यावर दाबून धरलेल्या अंगठ्याचा असतो. त्यांना एवढंच म्हणा, "आत्या, दाबायचं तुमच्यासारखंच, फक्त खाली पाल्याऐवजी स्वच्छ घडी." मोठ्या जखमेत हळद-तंबाखू गेली की आम्हाला ती धुऊन काढावी लागते, आणि मातीतल्या जखमेला धनुर्वाताची भीती असतेच. त्यामुळे जखम लहान असो वा मोठी, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते दवाखान्यात नक्की सांगायचं.

आणि तुमच्या घरात सुती जुनी लुगडी असतील ना? स्वच्छ धुऊन, कडक उन्हात वाळवून, इस्त्री करून, हातभर लांबीच्या घड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा. मोठ्या जखमेवर दाबायला याहून चांगली फुकटची वस्तू नाही.

द्राक्षबाग
कडबाकुट्टीत बोट गेलं तर? आमच्या भावकीत दोघांचं गेलंय. एकाचं तुटलेलं बोट लोकांनी थेट बर्फात घालून नेलं, डॉक्टर म्हणाले ते गोठून खराब झालं.

मिरजेची सिस्टर
आधी मशीन बंद, मग माणूस, मग बोट. हाताला पॅड आणि दाब. तुटलेलं बोट घासायचं नाही. सलाईननं हलकंच धुऊन ओल्या गॉजमध्ये गुंडाळायचं, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बर्फ बोटाला लागता कामा नये. म्हणून सलाईनची १०० मिलीची छोटी बाटली पिशवीत असावी, वीस-बावीस रुपयांची. निघतानाच फोन करून विचारायचं की बोट जोडणारे सर्जन कुठे आहेत. आधी चुकीच्या दवाखान्यात जाऊन घालवलेला तास परत मिळत नाही. जखमीला चहा-पाणी पाजू नका, भूल द्यावी लागते.

आणि सगळ्यांसाठी: अंगात घुसलेली वस्तू, मग ती सळई असो, काच असो की उसाचा बुडखा, उपटायची नाही. तीच आतून रक्त अडवून बसलेली असते. दोन्ही बाजूंनी पॅड लावून ती हलणार नाही अशी बांधायची.

नवी_दुचाकी
रस्त्यावर कुणाला मदत केली की पोलीस आपल्यालाच बसवून ठेवतात असं घरचे म्हणतात. म्हणून आई म्हणते, फोन कर आणि पुढे जा.

माणदेशी_मास्तर
आईची काळजी खोटी नाही, पूर्वी तसं घडायचं. पण आता कायदा तुझ्या बाजूनं आहे. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. सद्भावनेनं मदत करणाऱ्यावर जखमीच्या इजेबद्दल किंवा मृत्यूबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव, पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, हेही तुझ्या इच्छेवर. दवाखान्यात पोचवलंस की निघू शकतोस. २०२५ पासून केंद्राची एक योजनाही आहे, रस्ते अपघातातल्या जखमीवर पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचार, तेही ठरवून दिलेल्या दवाखान्यांत. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात नेणाऱ्याला पंचवीस हजारांचं बक्षीस आहे. पण ते राहू दे. आईला कलमाचा आकडा सांग, तेवढ्यानं तिचा जीव भांड्यात पडेल.

दंडोबा_भटक्या
सरावाबद्दल कुणीच लिहिलं नाही. पिशवी आणून पहिल्यांदा अपघातातच उघडली तर हात थरथरतात, पाकीट दातानं फाडावं लागतं. आम्ही जुन्या गादीच्या फोमच्या जाड तुकड्याला खोल चीर पाडली आणि त्यात गॉज भरायचा सराव केला. पहिल्यांदा सगळ्यांनी वरवर भरलं, तळ मोकळाच राहिला. चौथ्या वेळी जमलं. सरावाचं सामान वेगळं ठेवा, एक-दोन स्वस्त रोल त्यातच खर्ची घाला. डोळे मिटून, पिशवीत फक्त हात घालून हातमोजे आणि पॅड सापडतात का, तेही बघा. नाही सापडले तर रचना चुकली. हे दोन सगळ्यात वर हवेत.

मिरजेची सिस्टर
अगदी बरोबर. आणि फोन! १०८ लावला की स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवायचा, म्हणजे दोन्ही हात दाबायला मोकळे. शेजारी उभ्या असलेल्या गर्दीतल्या एकाला बोट दाखवून काम द्या, "निळा शर्ट, तुम्ही पुढे वळणावर उभे राहून रुग्णवाहिकेला हात करा." "कुणीतरी जा" म्हटलं की कुणीच जात नाही.

आधी स्वतःकडेही बघा. खंबाटकीच्या वळणावर किंवा हायवेला मागून येणारी गाडी तुम्हालाच उडवेल. आपली गाडी पार्किंग दिवे लावून मागे उभी करा, मगच जखमीकडे जा. हेल्मेट ओढून काढू नका. श्वास चालू असेल तर मान सरळ धरून तसंच राहू द्या.

कण्हेरकाठ
मंडळी, तीन आठवडे झाले, हिशेब द्यायला आलो.

निम्मी खरेदी साताऱ्यात सिव्हिलजवळ झाली, निम्मी मिरजेला पाहुण्यांकडं गेलो तेव्हा. क्रेप दोन, २२० रुपये, ताणून बघून घेतले. पहिल्या दुकानातले लोंबले, ते परत दिले. पाकीटबंद गॉज रोल चार, ८०. गॅमजी पॅड दोन, ७०. निर्जंतुक गॉजची पाकिटं पाच, ७५. त्रिकोणी पट्ट्या दोन, ८०. हातमोजे चार जोड, ४८. कात्री १६०. चिकटपट्टी ९०. ब्लँकेट ११०. मार्कर २०. सलाईनची छोटी बाटली २२. चेनच्या प्लॅस्टिक पिशव्या १०. एकूण ९८५. दांडीसाठी पैसे लागले नाहीत, घरातल्या मोडक्या लाटण्याची वीतभर कापून, पॉलिश पेपरनं घासून घेतली.

सगळं आधी डिकीत ठेवलं होतं, पण डिकीवर दुधाचं भांडं अडकवतो तेव्हा ती उघडत नाही हे दुसऱ्याच दिवशी कळलं. आता लाल कापडाची पिशवी शिवून घेतलीय, ती सीटच्या मागं पट्ट्यानं बांधलेली असते. बायकोनं आणि पोरीनं फोमवर सराव केला. पोरीचा हात लहान, तिचं गॉज माझ्यापेक्षा नीट तळापर्यंत जातं. ट्रॅक्टरसाठी दुसरी पिशवी केली, तिच्यात कात्री साधी घातली, बाकी तेच. आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागं लाल-पांढरी चमकपट्टी लावली, मीटरवर मिळते. ते आधीच करायला हवं होतं.

कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे गाळप हंगाम संपायच्या आत तिसरी पिशवी घेऊन त्या टोळीच्या कोपीवर गेलो. पुढच्या आठवड्यात ते बीडला परत निघतील, आणि वाटेत ट्रकमध्ये बायका-पोरं, कोयते, भांडी सगळं एकत्र असतं. मावशी चुलीपुढं भाकरी थापत होती. तिला ओळख पटली. पहिल्यांदा तिनं पोराचं विचारलं, "पाय धरला का त्याचा?" चालतोय म्हटल्यावर भाकरी तव्यावर टाकली आणि हात धुऊन आली.

एकेक वस्तू काढून दाखवली. मुकादमानं आणि तिच्या थोरल्या पोरानं दांडी पिळून बघितली. मावशीनं गॉजचं पाकीट हातात घेऊन दोन बोटांत चाचपलं आणि म्हणाली, "एवढं पातळ? यानं थांबतंय व्हय?" मी एक फोडून घड्या घालून दाखवल्या, त्यावर गॅमजीचा पॅड ठेवला, तेव्हा मान हलवली. मग आत गेली, पेटीतून धुतलेल्या लुगड्याचा हातभर तुकडा आणला, चौघडी घडी केली आणि पिशवीत सगळ्यात वर, हातमोज्यांच्या शेजारी ठेवून दिला.

मिरजेची सिस्टर
दादा, तिथेच राहू दे म्हणावं. फक्त त्या तुकड्याला एक चेनची पिशवी घाला, धूळ लागायला नको.

कण्हेरकाठ
घातली सिस्टर. दोन उरल्या होत्या.